मुरघासाला वारा

लिफ्टचं दार मिटलं आणि सरोजिनीबाईंनी ओढणी नाकाला लावली.

"काहीतरी नासलंय हो कुठेतरी," त्या म्हणाल्या. भूपेशकडे बघून नाही, लिफ्टमधल्या पंख्याकडे बघून. सातव्या मजल्यावरच्या या बाई मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, मूळच्या साताऱ्याकडच्या. कुणाला काही सुनवायचं असलं तर लेकी बोले सुने लागे ही त्यांची जुनी रीत. "डोशाचं पीठ बाहेर राहिलं की येतो ना, तसा वास. छे, त्याहून वाईट. गोणपाट भिजून कुजल्यासारखा."

भूपेशने घाम पुसण्याचं निमित्त करून तळहात नाकाशी नेला. वास त्याच्याच हाताला होता. सकाळी गावी, जूचंद्रला, गोठ्यामागे मुरघासाच्या, म्हणजे मुरवलेल्या हिरव्या वैरणीच्या, पिशव्यांवरून त्याने हात फिरवला होता, एका पिशवीची मागची बाजू ओलसर लागली होती, आणि तो हात त्याने पँटला पुसून टाकला होता. दव असेल, म्हणून. गोठ्यात शेण असतं, मूत असतं, म्हशीच्या अंगाचा वास असतो, तिथे एखादा वास वेगळा काढणार कसा? तो कळायला एव्हरशाईन सिटीची लिफ्ट लागली, आणि सरोजिनीबाईंचं नाक लागलं. मुरघास चांगला उतरला तर त्याला आंबटगोड वास यायला हवा, लोणच्याची बरणी उघडल्यासारखा. मुरघासाच्या प्रशिक्षणात शिकवणाऱ्यांनी तसा घमेलंभर मुरघास फिरवला होता आणि सगळ्यांना हुंगायला लावला होता. हा तो वास नव्हता. चौथ्या मजल्यावर दार उघडलं, सरोजिनीबाई म्हणाल्या, "तुमचा मजला," तो म्हणाला "हो," आणि तिथेच उभा राहिला. दार पुन्हा मिटलं. मग दोघं सातव्यापर्यंत गेले, बाई ओढणीच्या आडून त्याच्याकडे बघत उतरल्या, आणि हा गृहस्थ पुन्हा तळमजल्याचं बटण दाबून खाली आला. घराची बेलसुद्धा न वाजवता.

स्कूटर अजून गरम होती. तिच्यावर बसून त्याने किल्ली लावली, पण फिरवली नाही. बिघडला असेल तर? असेल तर संपलं. सगळं इतकं सरळ ठरलं होतं की त्यात कुठे पळवाटच नव्हती, आणि ठरवलंही त्यानेच होतं, दिवाळीत, सगळ्यांसमोर, छाती पुढे काढून. जूचंद्रच्या घरी फराळाला जमले असताना आईने विषय काढला होता. बाबांचे गुडघे आता साथ देत नाहीत, आणि दोन म्हशींच्या पोटाला घालायचं काय? आजूबाजूच्या शेतांत लाल मातीचा भराव पडला, कुणी भात लावेना, त्यामुळे पेंढा मिळेना. बांधावरचं गवत कापायला जावं तर बांधच जागेवर नसतो. निर्मळचा केनी म्हशी घ्यायला तयार होता. त्याचा मोठा गोठा, केळीची वाडी, स्कूटरवरून घरोघर दूध घालणारा, माणूस चांगला. हेच तर भूपेशला खुपत होतं, की केनीत नाव ठेवायला जागा नव्हती. बाबा, म्हणजे नथू, भिंतीला टेकून बसले होते. ते एवढंच म्हणाले होते, "गवत नाय, पेंढा नाय. म्हशीना काय घालू, भूपेसच्या हापिसाची रद्दी?" सगळे हसले. आणि त्या हसण्यात भूपेश बोलून गेला होता की भात निघालं की आपल्या खाडीकडच्या दोन शेतांत थंडीचं वैरणीचं पीक घेऊ, मका आणि ओट, दाणा चिकात आला की कापू, कुट्टी करून हवाबंद पिशव्यांत मुरवू, उन्हाळाभर हिरवं खातील. जमलं तर म्हशी राहतील. नाही जमलं तर केनीला फोन मी स्वतः करीन. "सोता करशील ना?" आईने विचारलं होतं. तो "हो" म्हणाला होता. हौसेने गळ्यात बांधून घेतलेलं लोढणं ते.

ओट म्हटल्यावर तर गंमतच झाली होती. तेजस्वी, त्याची बायको, वजन उतरवायला रोज सकाळी तोंड वाकडं करून वाटीभर ओट्स खाते, हे बाबांना ठाऊक होतं. "सुनेचा नाश्ता म्हशी खानार काय? मंग म्हशी बारीक व्हतील रं." पुढे महिनाभर गावात हेच चाललं होतं, नथूच्या म्हशी डाएटवर आहेत. भूपेश हसायचा, पण आतून जळायचा. अंधेरीला विम्याच्या कंपनीत वीस माणसं त्याच्या हाताखाली होती, त्यांतलं कुणी त्याला असं बोललं नसतं. बाबांनी मात्र त्याचं कुठलंच काम कधी काम धरलं नव्हतं. लहानपणी भात झोडताना त्याच्या हातून पेंढी घेऊन ती पुन्हा स्वतः झोडायचे. बोलायचे नाहीत, रागवायचे नाहीत, नुसती पुन्हा झोडायचे. त्या एका न बोलण्यातून तो पुस्तकांकडे पळाला, नोकरीकडे पळाला, आणि शेवटी चौथ्या मजल्यावर येऊन पोहोचला. आणि आता चाळिशी उलटल्यावर त्याला काय हवं होतं, तर त्या माणसाने बांधावर उभं राहून एकदा म्हणावं, जमला तुला. एवढ्यासाठी ही सगळी शेती. म्हशी तर आहेतच, म्हशींवर त्याचा जीव आहे, पण खरं सांगायचं तर एवढ्यासाठी.

फोन वाजला. तेजस्वी. "अरे, वॉचमन म्हणाला तू येऊन परत खाली गेलास? दूध आणलंस का?"

"मी जूचंद्रला चाललोय."

"आत्ता तर आलास."

"मुरघास बिघडलाय बहुतेक."

"मग?"

"मग काय, केनी."

"भूपेश, दोन म्हशी आहेत त्या. एवढं लावून घेऊ नकोस. बाबांनासुद्धा आराम मिळेल, खरं तर."

त्याने फोन बंद केला. ती चुकीचं काही बोलली नव्हती. कुणीच चुकीचं बोलत नव्हतं, गेले पाच महिने कुणीच नाही, आणि त्यामुळे भांडायला माणूसच सापडत नव्हता. रस्त्यावर नायगावकडे जाणारे डंपर होते, त्यांच्या मागच्या फळीतून लाल माती सांडत होती, ती डोळ्यांत जात होती. एका डंपरला त्याने सणसणीत शिवी हासडली. ड्रायव्हरला ती ऐकू जायचं कारण नव्हतं.

खरं म्हणजे पीक चांगलं आलं होतं. खाडीच्या बाजूचा मका पिवळा पडला, उधाणाचं खारं पाणी खालून झिरपतं तिथे, ते त्याला अपेक्षितच होतं. पण ओट तगला. डिसेंबर सरता सरता चारी बाजूंना तपकिरी धसकटं, भरावाचे ढीग, नव्या इमारतींचे हिरवे जाळीदार पडदे, आणि मधे त्याचं शेत कमरेइतकं, गर्द, वाऱ्यावर हलणारं. एका रविवारी तो पोहोचला तेव्हा बाबा बांधावर उभे होते. त्याला बघितलंच नाही असं दाखवून त्यांनी एक ताट उपटलं, कणसातला दाणा नखाने फोडला, चीक जिभेला लावला, आणि ते ताट चावत चावत निघून गेले. भूपेश ते किती दिवस मनात घोळवत होता. चावलं म्हणजे आवडलं का? आवडलं नसतं तर थुंकले असते. थुंकले नाहीत. ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसून चाळिशी उलटलेला माणूस याचा विचार करत होता, की बाप थुंकला नाही.

फेब्रुवारीत कापणी केली. दुपारभर उन्हात जरा कोमेजू दिलं, भाड्याने आणलेल्या कुट्टी यंत्रावर बारीक केलं, गुळाचं पाणी शिंपडलं, आणि जाड प्लास्टिकच्या पिशव्यांत थरावर थर घालून सगळ्यांनी पायाने तुडवलं. आत हवेचा कण राहता कामा नये. आईसुद्धा लुगडं खोचून तुडवायला उतरली होती. बाबांचं म्हणणं वेगळं होतं. "दोन-तीन दिस वालव त्याला. ओला भरतंस तू. ओला कुजल." "बाबा, याला वाळवायचं नसतं." "पेंढ्याला तं—" "हा पेंढा नाही." त्याने पिशव्यांची तोंडं पिळून, दुमडून, दोरीने करकचून बांधली आणि घाम पुसत म्हणाला, "आता दीड महिना याला हात लावायचा नाही. कुणीच नाही." ऑफिसात नव्या पोरांना तो सांगतो ना, सिस्टीमला हात लावू नका, अगदी त्याच आवाजात. बाबा म्हणाले, "बरं." हे "बरं" त्याने तेव्हा ऐकलं आणि सोडून दिलं. आता स्कूटरवर ते पुन्हा कानात आलं, आणि त्यात काय होतं ते काही केल्या कळेना.

आई ओटीवर वाल सोलत बसली होती. "परत आलास? काय इसरलास?" तो उत्तर न देता तसाच गोठ्यामागे गेला. म्हशी नव्हत्या, बाबा त्यांना देवीच्या डोंगराच्या पायथ्याशी चरायला घेऊन गेले होते. तिथेही गवताच्या नावाने शंखच, पण तेवढंच म्हशींचे पाय मोकळे. पिशव्या भिंतीच्या सावलीत ओळीने उभ्या होत्या. त्याने पहिलीची दोरी सोडली आणि तोंड उघडलं.

वर वीतभर पांढरी बुरशी. तिच्याखाली काळपट चिकट थर, आणि त्यात हात घातला तर चटका बसावा इतका गरम. दीड महिन्याने गरम? तो थंड असायला हवा होता. वास अंगावर आला, तोच, लिफ्टमधला. त्याने दोन्ही हातांनी उपसायला सुरुवात केली, काळं, पांढरं, काळं, आणि मग अगदी मधोमध एक घागरभर जागेत ते सापडलं. पिवळसर हिरवं, मोकळं, ओलसर. त्याने मूठ नाकाशी धरली. लोणच्याची बरणी. आंबट, गोड, स्वच्छ. म्हणजे जमलं होतं! त्याने केलेलं सगळं बरोबर होतं, कापणीची वेळ बरोबर, गूळ बरोबर, तुडवणं बरोबर, आणि तरीही हे. अजिबात जमलं नसतं तर त्याला इतकं लागलं नसतं. तो त्या मुठीकडे बघत उकिडवा बसून राहिला, आणि त्याला रडू येईल असं वाटलं, पण आला तो राग, आणि तो कुणावर करायचा ते ठाऊक नव्हतं.

पिशवी रिकामी करून त्याने ती उलटी धरली, झटकायला. तेव्हा उन्हाचे बारीक ठिपके त्याच्या शर्टावर पडले. ओळीने. त्याने पिशवी डोळ्यांसमोर धरली. मागच्या बाजूला, भिंतीकडे असायची त्या बाजूला, भोकं होती. उंदराची नव्हेत. उंदीर कुरतडतो, हा असा हाताहाताच्या अंतरावर, वरपासून खालपर्यंत, तीन समान रांगांत भोकं पाडत नाही. प्रत्येक भोकाभोवती प्लास्टिकला बुरशीचं पांढरं फूल चिकटलेलं. त्याने दुसरी पिशवी वळवली, तिसरी वळवली. सगळ्या. गोण्यांची तोंडं शिवताना इतके मोजके, सारख्या अंतराचे टाके घालणारा हात अख्ख्या जूचंद्रात एकच होता, आणि तो हात त्याने लहानपणापासून बघितला होता.

गोठ्याच्या वाशाला दाभण खोचलेलं होतं, नेहमीच्या जागी. त्याच्या टोकाला हिरवट काहीतरी वाळलं होतं. भूपेशला कुणी काही सांगायची गरज राहिली नाही. पेंढ्याची उडवी रचताना बाबा मधोमध बांबू उभा करत, आणि उडवी पुरी झाली की वरून तो उपसून काढत, म्हणजे मधे एक वाट उरे. "पेंढ्याला सास पायजे," ते सांगत. "आतली वाफ जाली नाय तं आतल्या आत तापतं, आनि मंग यक दिस पेट घेतं." एकदा खालच्या आळीतली उडवी अशी पेटली होती, अवेळी पावसात भिजलेला पेंढा रचला म्हणून. ती आग बघून आल्यावर बाबा कितीतरी दिवस आपल्या उडवीत कोपरापर्यंत हात घालून बघत असत. जन्मभर भाताच्या पेंढ्यावर गुरं पोसलेल्या माणसाला वैरणीविषयी एकच गोष्ट पक्की माहीत असते, की ऊब धरली तर वारा द्यायचा. आणि मुरघास सुरुवातीला ऊब धरतोच. तेवढी चार दिवसांची ऊब असते, मग आपसूक निवते. वारा दिला नाही तर.

आई मागे येऊन उभी राहिली होती. रिकामी पिशवी, भोकं, दाभण, सगळं तिने बघितलं. "रोज हात लावून बगं तो," ती हळूच म्हणाली. "पोराला ताप आल्यावं कपालाला लावतान ना, तसा. मना बोलं, शकू, लय तापलंय गो. भूपेसनं येवरा केला आनि ता पेटल. मंग दाभन घेऊन आला. टोचलान तं दुसऱ्या दिशी आनिक गरम. मंग आनिक टोचलान."

"मला फोन का नाही केलात?"

"मी बोल्ली त्याला. तं बोल्ला, कामावं असल पोर, कनाला तरास द्याचा."

भूपेशला वाटलं, पिशव्या उचलून खाडीत फेकाव्यात. वाटलं, डोंगराच्या पायथ्याशी जावं आणि तिथे, म्हशींसमोर, विचारावं, की माझं एक काम, एकच काम तुम्ही तसंच राहू देऊ शकला नाहीत? पुन्हा झोडलीत ना पेंढी? पण म्हातारा रोज संध्याकाळी त्या गुडघ्यांवर उभा राहून प्लास्टिकला हात लावतोय, घाबरतोय, पोराची वैरण वाचवायला धडपडतोय, हे चित्र मधे येऊन उभं राहिलं आणि रागाला पुढे जाता येईना. माणसाने वाईट हेतूने काही करावं, निदान रागावता तरी येतं! हे असलं प्रेमाचं नुकसान कुणाच्या पदरात घालायचं? त्याने आईला सांगितलं, "त्यांना काही बोलू नकोस." बाबा म्हशी घेऊन परत आले, उघडी पिशवी आणि काळा ढीग बघून थबकले, तेव्हा हा म्हणाला, "बी खराब निघालं, बाबा. कंपनीचं बीच खराब होतं."

बाबांनी विचारलं, "बी?"

"हो."

"बरं," बाबा म्हणाले, आणि मोरनी म्हशीचं दावं खुंटाला बांधायला वळले.

पुढचा आठवडा भूपेशने आपल्या मोठेपणावर काढला. बापाला वाचवलं. सगळा दोष कंपनीच्या चांगल्या बियाण्यावर घातला. एवढं समजूतदार कोण असतं हल्ली? असं स्वतःला सांगत तो ऑफिसला जात होता, आणि आत कुठेतरी कुकरची शिट्टी अडकून बसावी तसं झालं होतं. त्याने केनीला फोन केला, स्वतः, शब्द दिल्याप्रमाणे. केनी म्हणाला, "वाईट वाटतं रे भूपेश, पण काळजी नको करू, घरच्यासारख्या ठेवीन," आणि त्या चांगुलपणाने तो आणखीच उखडला. ऑफिसात रीमाने एका फाइलवर चुकीची तारीख टाकली. तीही त्याच्याच गावची, साधी मुलगी, तिला तो सगळ्यांसमोर इतकं बोलला की ती म्हणाली, "सर, एवढं काय केलं मी?" वड्याचं तेल वांग्यावर निघालं होतं, हे त्याला तेव्हाच कळलं, आणि माफी मागायची तेवढी राहिली. घरी तेजस्वीने बाबांना चार दिवस इकडे आणू या का म्हणून विचारलं, तर तो म्हणाला, "इथे काय करतील? लिफ्ट बघतील?" रोज त्याला वाटे, बाबांना फोन करावा. करून काय बोलणार, म्हणून केला नाही. बाबांचाही आला नाही.

रविवारी सकाळी केनीचा टेम्पो अंगणात येऊन लागला. फळी लावली, खाली पेंढ्याचा चुरा पसरला. पवली आणि मोरनी फळीपाशी येऊन थांबल्या आणि पाय रोवून उभ्या राहिल्या. केनीने ओढलं, भूपेशने मागून रेटलं, शेजारचे दोघे आले, कुणाचं काही चालेना. मग बाबा काठी टेकत फळीवर चढले, टेम्पोत जाऊन आतल्या कडेला उभे राहिले आणि जिभेने टक् टक् केलं. दोघी मुकाट्याने त्यांच्यामागे वर गेल्या. बाबांनी त्यांची दावी स्वतः बांधली, दोघींच्या पाठीवर थापटलं, आणि खाली उतरायला वेळ लागला, गुडघ्यांमुळे. भूपेशने हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही.

काहीतरी बोलायला हवं म्हणून केनी म्हणाला, "काका, यंदा तर म्हणे तुम्ही मुरघास केला होता. भूपेश सांगत होता, बी खराब निघालं."

"बी कशाला खराब निगल?" बाबा म्हणाले. "बी चांगला व्हता. मी मारली वैरन. दाभनानं."

केनीने एकदा बापाकडे बघितलं, एकदा लेकाकडे, आणि टेम्पोच्या मागच्या कड्या तपासायला निघून गेला. त्या त्याने आधीच दोनदा तपासल्या होत्या.

"तुम्हाला माहीत होतं?" भूपेशला आपला आवाज परका वाटला.

"मना डोले हायत. भोकाभवती बुरशी दिसं. तू गेल्यावं सगल्या पिशव्या फिरवून बगितल्याव मी."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलशील म्हनून थांबलू. आठवडाभर थांबलू. रोज वाटं, आज फोन येल, आज वरडल. तू बोल्लास काय, तं बी खराब." बाबांनी काठी जमिनीवर आपटली. "लहान पोराला सांगतान तसा. नायतं मेलेल्या मानसावं कोन वरडत नाय, तसा."

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून—"

"वाटलाच ना वाईट! पन वरडला अस्तास तं मी चुकलू व्हतू. नथू चुकला, असा झाला अस्ता. आथां काय झाला? बी चुकला. मी कुटंच नाय त्यात. म्हशी चालल्याव माझ्या, आनि मी कुटंच नाय!"

भूपेशने तोंड उघडलं, काहीतरी समजूतदार बोलायला, आणि ते आलंच नाही. जे आलं ते छातीच्या तळातून आलं, आणि चौथ्या मजल्यावर राहायला गेल्यापासून जी बोली त्याच्या तोंडात नव्हती त्या बोलीत आलं. "कनाला टोचलाव? कनाला? सोन्यासारखा जमलाव्हता! मदी हात घालून बगितला मी, लोनच्यासारखा वास येत व्हता! जलमात यक काम तुमी मना पुरा करू दिलाव काय? पेंढी मी झोडली का परत झोडाची, बांध मी घातला का परत घालाचा! यक तरी काम!"

"गरम लागं ता!" बाबाही त्याच पट्टीत ओरडले. त्यांच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या आणि चेहरा, हे भूपेशला नंतर आठवलं, उजळला होता. "हात पोलं माजा! पेटला अस्ता तं? गोठा जलला अस्ता, म्हशी जलल्या अस्त्या!"

"पेटत नाय तो! त्याला वारा नाय लागला तं सोता निवतं!"

"मना काय म्हाईत? तू सांगितलास काय? हात लावू नको बोल्लास! कनाला नाय लावाचा ता सांगितलास?"

"तुमी इचारलाव काय?"

"तू इचारू दिलास काय? हा पेंढा नाय, बोल्लास, आनि पाठ फिरवलीस! पेंढा नाय तं काय हाय, ता कोन सांगल? तुजा हापिस?"

शेजारच्या घरांतून माणसं बाहेर आली होती. केनी चावी हातात घेऊन उभा होता. मधेच थोडी उसंत मिळाल्यासारखी वाटली तेव्हा त्याने विचारलं, "मग मी निघू का?"

"थांब," भूपेश म्हणाला.

"जा तू," बाबा म्हणाले. आणि मग भूपेशकडे वळून, तेवढ्याच मोठ्याने पण रागाशिवाय, "जाव दे त्याना. काय घालशील उद्या? रद्दी?"

घालायला काही नव्हतं. भूपेशने मान हलवली. टेम्पो मागे-पुढे होत वळला, पवलीचं शिंग लोखंडी पट्टीवर एकदा वाजलं, आणि गल्लीच्या टोकाला रिक्षांच्या गर्दीत तो दिसेनासा झाला. बाबा तिकडे बघत नव्हते. ते गोठ्यामागे चालू लागले होते, काठी टेकत, भराभर. भूपेश त्यांच्यामागे गेला. उरलेल्या पिशव्या तिथेच उभ्या होत्या, न उघडलेल्या. बाबांनी एकीला हात लावला आणि सवयीने क्षणभर तसाच ठेवला.

"सांग आथां," ते म्हणाले. आवाज बसला होता.

"काय सांगू?"

"वारा लागल्यावं काय व्हतं, ता. पयल्यापासून सांग. आनि वरडूनच सांग, मना कमी आयकू येतं."

भूपेश सांगू लागला. ओट चिकात असताना का कापायचा, तुडवायचं कशाला, आतली हवा संपली की काय होतं, ऊब का धरते आणि किती दिवस धरते. आवाज खाली येतच नव्हता. बाबा मधेच हात वर करून त्याला अडवत होते, हे परत सांग म्हणत होते, एकदा तर म्हणाले की हे खोटं आहे, आणि दोघं पुन्हा भांडले.

आई गोठ्याच्या दारात आली. रिकाम्या खुंटांकडे बघत ती म्हणाली, "म्हशी गेल्याव ना? मंग आथां कोनासाटी शिकवतंस त्याला?"

बाबांनी पिशवीवरचा हात काढला, भूपेशकडे तोंड केलं, आणि विचारलं, "मका खाडीकडं नाय टिकला. मंग तटं काय पेराचा?"